वस्तीतली बाळं, वस्तीतला ताप : नोंद ठेवायला नव्याने लागलेल्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत माझ्या भागाचं लसीकरण कागदावर शंभर टक्के होतं. रजिस्टरमध्ये जेवढी बाळं, तेवढ्या सगळ्यांना गोवराचा डोस दिलेला. मला त्याचा फार अभिमान होता. मग एका फेब्रुवारीत नाशिकच्या अंबडच्या बाजूला एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर, सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला, दीड वर्षाची एक मुलगी अंगभर पुरळ घेऊन निजलेली दिसली. डोळे लाल, नाक वाहतंय, आई बाजूलाच वाळू चाळतेय. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी सहा मुलं होती. सातांपैकी एकाचंही नाव माझ्या रजिस्टरमध्ये नव्हतं. इमारत माझ्याच हद्दीत होती आणि मी रोज तिच्यासमोरून जात होते.

आकडा खोटा नव्हता. तो माझ्या यादीचा होता, माझ्या वस्तीचा नव्हता.

पुढे नाशिक शहरात आणि काही वर्षं पेठ तालुक्यात काम करताना जे हाताला लागलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. नव्याने रुजू झालेल्या आशाताई, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, नर्सिंगची मुलंमुली, मंडळाचे किंवा सोसायटीचे स्वयंसेवक, सगळ्यांना उपयोगी पडेल असं. स्वयंसेवकांनी एक लक्षात ठेवावं : लस देणं आणि निदान करणं हे आपलं काम नाही. शोधणं, लिहिणं आणि वेळेत कळवणं हे आपलं.

पहिली पायरी : आठवडाभर नुसतं चाला

रजिस्टर उघडायच्या आधी हद्द पायाखाली घाला. गावात एका आशाकडे साधारण १,००० लोकसंख्या असते, शहरात १,००० ते २,५००. उपकेंद्राकडे सपाटीवर ५,००० आणि आदिवासी भागात ३,०००. आठवड्यात हे सगळं चालून होतं.

शंभर पानी वहीच्या मधल्या जोडपानावर नकाशा काढा. चित्रकला यायची गरज नाही. रस्ता, नाला, देऊळ, मशीद, अंगणवाडी, पाण्याची टाकी, सार्वजनिक नळ, किराणा दुकानं, खासगी दवाखाने, मेडिकल, भंगारवाला, पंक्चरवाला. शेवटचे दोन पावसाळ्यात लागतात, त्यावर पुढे येते. घरांना क्रमांक द्या. पल्स पोलिओच्या वेळी दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स' लिहिलेलं असतं. जिथली सगळी मुलं झाली ते 'पी' घर. जिथलं एखादं मूल राहिलं, किंवा दार बंद मिळालं, ते 'एक्स' घर. जुन्या फेऱ्यांच्या याद्या मागून घ्या आणि कोणती घरं पुन्हा पुन्हा 'एक्स' निघालीत ते नकाशावर लाल पेनने दाखवा. सुरुवातीला याहून चांगली माहिती दुसरी मिळत नाही.

मग हद्दीच्या कडा बघा. नाल्याच्या अलीकडची घरं तुमची, पलीकडची शेजारच्या ताईची, आणि नाल्याच्या अगदी काठावरची चार घरं कोणाचीच नाहीत, असं हमखास सापडतं. पंचवटी असो, सिडको असो, सातपूर असो की नाशिकरोड, दोन विभागांच्या सीमेवर तर हे फारच. उपाय एकच. शेजारच्या ताईला बरोबर घेऊन सीमेवरून एकदा चाला आणि प्रत्येक दारासमोर उभं राहून ठरवा, हे तुझं की माझं.

याशिवाय नाशिकची म्हणून काही ठिकाणं आहेत, जिथली मुलं कुठल्याच यादीत सापडत नाहीत. अंबड-सातपूर एमआयडीसीच्या आजूबाजूच्या भाड्याच्या खोल्या, जिथे उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबं दर सहा महिन्यांनी खोली बदलतात. पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंतची बांधकामं. शहराबाहेरच्या वीटभट्ट्या. आणि द्राक्षबागा. ऑक्टोबरच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याची कुटुंबं लेकराबाळांसह दिंडोरी-निफाडच्या मळ्यात उतरतात, बरीचशी शिमग्याला घरी परततात. मी पेठला होते तेव्हा माझी निम्मी बाळं हिवाळ्यात पाड्यावर नसायची, आणि बागेजवळच्या उपकेंद्राला ती आपली वाटायची नाहीत. आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत, म्हणजे नाशिक आणि त्र्यंबकेश्वर दोन्हीकडे मजुरांच्या शेड आल्याच. प्रत्येक शेडच्या मुकादमाचा नंबर वहीत हवा. नवी टोळी उतरली की एक फोन करायचा, एवढंच त्याच्याकडून कबूल करून घ्या. माझ्या अनुभवात मुकादम नाही म्हणत नाहीत. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

दुसरी पायरी : मोजणी

दारात उभं राहून "घरात लहान मूल आहे का?" असं विचारलं की "नाही" असं उत्तर येतं. मूल झोपलेलं असतं, मामाकडे गेलेलं असतं, किंवा उत्तर देणाऱ्या आजोबांच्या लेखी तीन वर्षांचा नातू लहान नसतो. प्रश्न असे विचारा : घरात एकूण माणसं किती? चुली किती? सगळ्यात धाकटं कोण? या वर्षात कोणाचं बाळंतपण झालं? सुनेला दिवस आहेत का? कोणी माहेरी गेलंय का? मागच्या खोलीत भाडेकरू आहेत का?

माहेरचा प्रश्न कधीच सोडू नका. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात येवल्याला जाते, बाळ तिथेच जन्मतं, बीसीजी (क्षयाची लस) तिथल्या दवाखान्यात होते आणि बाळ तीन महिन्यांचं होऊन सातपूरला सासरी येतं. येवल्याची सिस्टर म्हणते, ते बाळ सातपूरचं. सातपूरची म्हणते, नोंद येवल्याची. या दोघींच्या मधल्या फटीत पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे, दोन डोस निसटतात. मी एक साधा नियम पाळला : बाळ आज रात्री ज्या घरात झोपणार, त्या घराच्या यादीत ते आज आहे. सासर-माहेर, भाडोत्री-मालक, आधार कार्डावरचा पत्ता, काही बघायचं नाही. ते गेलं की नावावर रेघ मारू नका. पुढे "कुठे गेलं" हे लिहा आणि तिकडच्या ताईला फोन करा.

दुसरी फट आहे कॉलेज रोड, गंगापूर रोडसारख्या भागांतली. तिथली बरीच बाळं खासगी बालरोगतज्ज्ञांकडे लस घेतात. ती लसीकरण झालेली असतात, पण आपल्या कागदावर नसतात. त्यांना "राहिलेली" धरलं तर तुमची मेहनत चुकीच्या दारात जाते, "झालेली असतील" म्हणून सोडलं तर खरोखर राहिलेलं एखादं निसटतं. खासगी दवाखान्याची फाइल मागून बघा, तारखा उतरवून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना बरोबर घेतलं तर दारं उघडतात. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही तिथेच विचारा, त्यांच्या घरी बाळ आहे का.

मोजणी संपली की एक हिशेब करून बघा. दर हजारी वर्षाला साधारण १५ जन्म धरले, तर २,००० वस्तीत वर्षाला ३० च्या आसपास बाळं असायला हवीत. तुमच्या यादीत १९ निघाली तर वस्तीत बाळं कमी आहेत असं मानू नका. आधी तुमच्या चालण्यात काय सुटलं ते शोधा. दोन-चारचा फरक चालतो, अकराचा नाही.

तिसरी पायरी : कार्ड वाचायला शिका

माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं की नवीन माणूस गोंधळतो. आयांच्या भाषेत लक्षात ठेवा, त्या बरोबर बोलतात : जन्माची, दीड महिन्याची, अडीचची, साडेतीनची, नऊची, दीड वर्षाची.

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. हिपॅटायटिस बी २४ तासांच्या आत. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, तोंडावाटे पोलिओ आणि रोटा (जुलाबाविरुद्धची). यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या भेटीला आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस) आणि न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल, म्हणजे पीसीव्ही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस (हा २०२३ पासून आला, जुन्या कार्डावर त्याला रकाना नसतो) आणि जीवनसत्त्व अ. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेला दुसरा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्प).

वाचताना तारखा बघा, नुसती बरोबरची खूण मोजू नका. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. हे आयांना स्पष्ट सांगा. कितीतरी जणी "आता काय, वेळ गेली" म्हणून येत नाहीत. वर्षाच्या आत पेंटा सुरूच झालं नसेल तर पुढे डीपीटी देता येतं, ते सात वर्षांपर्यंत. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. दार सहसा पूर्ण बंद झालेलं नसतं.

कार्ड हरवलं असेल तर? आधी केंद्रात ठेवलेला कार्डाचा अर्धा भाग शोधा, मग रजिस्टर, मग आईचा मोबाइल नंबर घेऊन यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) बघायला सिस्टरना सांगा. काहीच नाही मिळालं तर बाळाचा डावा दंड बघा, बीसीजीचा व्रण बहुतेकांना उमटतो. पेंटा डाव्या मांडीत देतात, गोवराची लस उजव्या दंडात. "कुठे टोचलं होतं?" असं विचारलं की आई बरोबर जागा दाखवते, कारण ती जागा तिने रात्रभर शेकलेली असते. एवढ्यावर निर्णय मात्र तुम्ही घ्यायचा नाही, तो वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. तुम्ही फक्त "कार्ड पाहिलं" आणि "आईने सांगितलं" हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. दोन्हींना एकच खूण केली की पुढचं सगळं धूसर होतं.

चौथी पायरी : ड्यू लिस्ट

लसीकरण सत्राच्या दोन दिवस आधी, या वेळी कोण यायला हवं त्याची यादी हातात असावी. केंद्रात कप्प्यांची ट्रॅकिंग बॅग असते. दर महिन्याला एक कप्पा. बाळाच्या कार्डाचा अर्धा भाग त्याची पुढची लस ज्या महिन्यात, त्या कप्प्यात जातो. महिना संपला आणि कप्प्यात कार्ड शिल्लक राहिलं, तर ते बाळ आलं नाही. मोबाइलवर कितीही सोयी आल्या तरी ही कापडी पिशवी मला अजून विश्वासाची वाटते. रेंज नसलेल्या पाड्यावर ती तितकीच चालते.

यादीतली न आलेली नावं संध्याकाळी घरी जाऊन विचारा. कारण एका शब्दात लिहा : ताप होता, गावी, मजुरी बुडते, नवऱ्याचा नकार, मागच्या वेळी गाठ आली, माहीत नव्हतं. महिनाभराने ही कारणं मोजा. पेठला माझ्याकडे "मजुरी" हा शब्द सगळ्यात जास्त वेळा आला होता. आम्ही सत्र सकाळी दहाऐवजी आठला लावलं, बाया कामावर निघायच्या आधी. त्या महिन्यापासून यादी आखूड व्हायला लागली. जो विषय समजावणीचा मानला होता, तो वेळापत्रकाचा निघाला.

आणि प्रत्येक आईला निघताना चार गोष्टी सांगा : आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढे कधी यायचं, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेव, पुढच्या वेळी आण. पेंटानंतर ताप येऊ शकतो हे आधी सांगितलेली आई पुढच्या डोसला येते. न सांगितलेली घाबरते, आणि शेजारणीलाही घाबरवते. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं हे तर पाळायचंच.

पाचवी पायरी : टक्केवारी

इथे जरा थांबून, पेन-कागद घेऊन वाचा.

समजा दोन वस्त्या आहेत. दोन्हींत घरोघरच्या मोजणीने वर्षाची ३० बाळं सापडली.

पहिल्या वस्तीत रजिस्टरला नोंद २४ बाळांची. पेंटाचा पहिला डोस २४ जणांना, तिसरा २२ जणांना. रजिस्टरवरून काढलं तर २४ पैकी २२, म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. पण खरी बाळं ३०. ३० पैकी २२, म्हणजे ७३ टक्के. दुसऱ्या वस्तीत ३० पैकी २९ जणांना पहिला डोस मिळाला, पण तिसरा फक्त २० जणांना. म्हणजे ६७ टक्के.

आता गळती काढा. पहिल्या डोसातून तिसरा वजा करायचा, पहिल्याने भागायचं, शंभरने गुणायचं. पहिल्या वस्तीत २४ मधून २ गळाले, ८ टक्के. दुसरीत २९ मधून ९, म्हणजे ३१ टक्के. गळती १० टक्क्यांच्या वर गेली की काळजी करायची, असा संकेत आहे.

या दोन वस्त्यांचं दुखणं वेगळं आहे. पहिलीत आलेलं बाळ टिकतं, पण सहा बाळांपर्यंत कोणी पोहोचलेलंच नाही. पेंटाचा पहिला डोसही न मिळालेल्या अशा बाळाला झिरो डोस म्हणतात. तिथे चालायला हवं, शेड शोधायला हव्यात. दुसरीत सगळे एकदा येतात आणि मग येईनासे होतात. तिथे सत्रात काहीतरी बिनसतंय : वेळ, वागणूक, लस संपणं, तापाची भीती. दोन्हीकडे "जनजागृती करा" असा एकच शेरा मारला तर दोन्हीकडे काही हलत नाही.

गोवराचं गणित आणखी कडक आहे. गोवर इतका पसरतो की त्याला रोखायला दोन्ही डोस ९५ टक्के मुलांपर्यंत पोहोचावे लागतात. नऊ महिन्यांना दिलेला एक डोस शंभरातल्या साधारण ८५ मुलांत लागू पडतो. म्हणजे ९० टक्के मुलांना पहिला डोस दिला, तरी संरक्षण ७६-७७ जणांनाच. ३० बाळांच्या वस्तीत दर वर्षी सात बाळं उघडी राहिली. दुसरा डोस नीट झाला नाही तर पुढच्या वर्षी आणखी सात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी सात. चार वर्षांत २८ मुलं, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या वर्षाची बाळं, एकाच गल्लीत, एकाच अंगणवाडीत. एवढी साठली की गोवराला एकच शिंक पुरते. २०२२ मध्ये मुंबईत, भिवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यात मालेगावला गोवराचा उद्रेक झाला, तो काही एका महिन्यात उगवला नव्हता. कोविडच्या काळात राहून गेलेले डोस तिथे साठत आले होते. म्हणून दीड वर्षाचा डोस "बूस्टरच तर आहे" म्हणून हलका धरू नका.

सहावी पायरी : तापाची वही

आजाराच्या नोंदीसाठी वेगळी वही करा. निदान लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे, आणि २०२१ पासून त्याची नोंद आयएचआयपी या संगणकीय व्यवस्थेत होते. त्यात तीन पायऱ्या आहेत : आरोग्य कर्मचारी लक्षणं नोंदवतो, डॉक्टर संशयित आजार नोंदवतात, प्रयोगशाळा खात्री करते. पहिली पायरी आपली. तीच उशिरा झाली तर वरच्या दोन्ही उशिरा.

नोंदवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. नुसता ताप. ताप आणि पुरळ. ताप आणि रक्तस्राव किंवा ग्लानी. पाण्यासारखे जुलाब. रक्ताचे जुलाब. कावीळ. दोन आठवड्यांवरचा खोकला. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणं. आणि "असं आधी पाहिलं नव्हतं" असं काहीही. प्रत्येकासमोर नाव, वय, घर क्रमांक, लसीची स्थिती, पाणी कुठलं, गेल्या पंधरा दिवसांत कुठे जाऊन आले, आणि सगळ्यात महत्त्वाचं, लक्षण कोणत्या तारखेला सुरू झालं. दवाखान्यात आल्याची तारीख नको, सुरू झाल्याची हवी. "परवा बाजारच्या दिवशी", "एकादशीला" असं आई सांगते. कॅलेंडर उघडून तिच्यासमोरच तारीख करून घ्या.

लोकांचे शब्द ओळखा. आजी गोवर म्हणत नाही, "बाया आल्यात", "देवी आलीये" म्हणते, आणि त्या दिवसांत दवाखाना, औषध, परका माणूस घरात नको असतो. दाराच्या चौकटीला कडुलिंबाचा पाला खोचलेला दिसला की मी थांबते. चपला बाहेर काढते, पाणी मागून पिते, आधी आजीशी बोलते. देवीचं करा, ते तुमचं आहे, पण बाळाला जीवनसत्त्व अ चे दोन डोस द्यायला हवेत, नाहीतर डोळ्याला धोका असतो, हे तिलाच सांगते. आजीने होकार दिला की घर होकार देतं. श्रद्धेवर वाद घातलेला एकही प्रसंग मला कामाला आलेला नाही.

बातमी देणारी माणसंही जोडा. मेडिकलवाल्याला आठवड्यातून एकदा विचारा, ओआरएसची पाकिटं, तापाचं सिरप नेहमीपेक्षा जास्त गेलं का. शाळेत गुरुजींना विचारा, एका वर्गात पाच-सहा पोरं एकदम गैरहजर आहेत का. अंगणवाडी सेविकेला तर रोजच कळतं. गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना तुमचा नंबर लिहून द्या.

कधी लगेच फोन करायचा

बहुतेक नोंदी नेहमीच्या वेळेला वर जातात. काही गोष्टींसाठी मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, सिस्टर किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन :

- पंधरा वर्षांखालच्या मुलाचा अचानक आलेला लुळेपणा, एक केस असली तरी. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, तो परत आला नाही हे अशा प्रत्येक मुलाच्या तपासणीनेच कळतं. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. तुम्ही चार दिवस घालवले तर त्या चौदातले चार गेले.
- ताप आणि पुरळ, एक असला तरी.
- घशात पांढुरका पडदा, मान सुजलेली. घटसर्पाचा संशय.
- एकाच विहिरीच्या किंवा एकाच नळाच्या घरांत दोन-तीन दिवसांत जुलाबाचे अनेक रुग्ण, किंवा जुलाबाने मोठं माणूस गळून पडणं.
- ताप आणि रक्तस्राव, किंवा कारण न कळलेला मृत्यू.
- लसीनंतर झटके, श्वास लागणं, दवाखान्यात भरती. हे लपवू नका, कोणी सांगितलं तरी.

माणूस अत्यवस्थ असेल तर आधी १०८, मग नोंद.

जुलाबाच्या बाबतीत रुग्ण कळवलात की लगेच नकाशा काढा आणि रुग्णांच्या घरांवर ठिपके द्या. पेठच्या एका पाड्यावर अकरा ठिपके पडले आणि अकराही एकाच विहिरीच्या उताराला होते, वरच्या आळीत एकही नाही. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली गेली होती, असं सगळे सांगत होते. पाण्यातलं क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट केली तर पाणी पिवळं झालंच नाही. पिशवी उघडी राहून पावडरची ताकद गेली होती. क्लोरिन टाकल्यावर तासाभराने लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक दिसायला हवं, आणि ते डोळ्यांनी पाहायला हवं. "टाकली" या शब्दावर थांबू नका.

पावसाळ्याची वेगळी फेरी

जूनपासून दिवाळीपर्यंत नाशिकमध्ये डेंग्यू-चिकुनगुनियाचे दिवस. यावर अजून लस कार्यक्रमात नाही, म्हणून इथे मोजायचं ते पाणी. आता पंक्चरवाला आणि भंगारवाला कामाला येतात : टायर, तुटके डबे. घरात फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, माठ, कूलर, गच्चीवरचं टाकीचं उघडं झाकण. पाण्यात बॅटरी मारली की अळ्या वळवळत खाली जातात. तपासलेल्या १०० घरांत किती घरांत अळ्या सापडल्या, हा हाऊस इंडेक्स, तो दर आठवड्याला वहीत लिहा. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक कोरडा दिवस गल्लीने मिळून पाळायचा. धूर फवारणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. लोक फवारणीच्या गाडीची वाट बघत बसतात, त्यांना हे डबा उलटा करून दाखवावं लागतं.

दोन नकाशे एकावर एक

महिन्यातून एकदा ट्रेसिंग पेपर घ्या. लसीच्या नकाशावर राहिलेल्या बाळांची घरं लाल, तापाच्या वहीतली पुरळ-तापाची घरं निळी. एकमेकांवर ठेवा. ठिपके जिथे एकत्र येतात, तिथे पुढचं सत्र मागा. कागद घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा. "त्या भागात काम कमी आहे" असं तोंडी सांगितलं तर पुढच्या महिन्यावर जातं. "या नऊ घरांत अकरा मुलं, आणि मागच्या गल्लीत दोन पुरळाचे रुग्ण" असं नकाशासह सांगितलं की मला बहुतेक वेळा आठवड्यात सत्र मिळालं.

रुग्णांची नावं, फोटो, पत्ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कामाच्या ग्रुपवरसुद्धा घर क्रमांक पुरतो. क्षयाचा रुग्ण असेल तर त्याच्या दारात मोठ्याने काही विचारू नका. एका घराची गोष्ट दुसऱ्या दारात गेली की पुढच्या वेळी दोन्ही दारं बंद मिळतात.

अंबडच्या त्या इमारतीतल्या मुलीला आम्ही त्याच दिवशी रुग्णालयात हलवलं, ती बरी झाली. बाकीच्या सहांना त्या आठवड्यात डोस दिले, दोघांना तोवर पुरळ उठलंच होतं. महिन्याभराने काम संपलं आणि कुटुंबं नगरच्या बाजूला गेली. जाताना मी सातही कार्डांवर माझा नंबर लिहून दिला होता. चार महिन्यांनी तिकडच्या एका सिस्टरचा फोन आला : "ताई, तुमच्याकडची एक मुलगी इथे आलीय, दुसऱ्या डोसची तारीख कोणती धरू?"